सात लाल चौकोन माझे नव्हते

आधी आबांचं सांगते, मग माझं. उलटं केलं तर मी माझ्याच गाऱ्हाण्यात गुंतून पडेन आणि त्यांचं राहून जाईल. ज्यांनी मला हात दिला त्यांचं माझ्याकडून नेहमी असंच राहून गेलंय.

आबा म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतले. धुळे जिल्ह्यात नरडाण्याला पत्र्याच्या आठ खोल्या आहेत, मधे फरशीचं अंगण, सगळ्यांत मिळून एक नळ. त्यातल्या एका खोलीत आम्ही नवरा-बायको, समोर आबा. तीस वर्षं ते सरकारी बसवर कंडक्टर होते. धुळे, एरंडोल, जळगाव, परत धुळे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून खुर्चीवर बसले तरी पाठ टेकत नाहीत, पाय फाकवून तोल धरून बसतात. पुढे वळण असल्यासारखे. बायको नाही, मुलगा सुरतेला. आमचं नातं कुठलंच नाही. ते अहिराणी बोलणारे, मी कोकणातली. पहिले सहा महिने त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं आणि माझं त्यांना ऐकूच जायचं नाही, कारण मी फार हळू बोलायचे. "जोरमा बोल ना माय, बस भरेल शे," असं म्हणायचे ते.

या माणसाने माझं नाव परत स्वच्छ करून दिलं. पूर्ण स्वच्छ नाही. जेवढं माझं होतं तेवढं माझ्याकडे ठेवून, जे माझं नव्हतं ते पुसून दिलं. आता काय झालं ते सांगते.

मी आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे, आईची पाठ आखडली आणि काजूच्या कारखान्यात तिच्या जागेवर मी बसले. चार दिवसांसाठी बसले होते, नऊ वर्षं बसले. काजूच्या टरफलाचं तेल बोटांची कातडी सोलून काढतं. अजूनही बँकेत अंगठा लावायचा म्हटलं की यंत्र तीन-चार वेळा नाही म्हणतं. स्वभावही तसाच सोललेला राहिला, लगेच झोंबतं. मी भित्री आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कुलूप लावून गेले की परत येऊन ओढून बघते. नवरा म्हणतो, "तुझ्या हाताने ते कुलूप एक दिवस झिजून उघडेल."

लग्नानंतर नवऱ्याला इथल्या औद्योगिक वसाहतीत फिटरचं काम लागलं म्हणून आम्ही नरडाण्याला आलो. मी ब्लाउज शिवायला शिकले. साध्या मशीनवर हात बसला तशी गिऱ्हाइकं वाढली, मग फॉल-पिकोची मशीन घ्यावी असं मनात आलं. धुळ्याच्या दुकानात हप्त्यांवर मिळाली. कर्ज एका फायनान्स कंपनीचं, त्यांची शाखा जळगावला. दोन वर्षांचे हप्ते, दर महिन्याची पाच तारीख.

आता इथे तारखेचं काय आहे ते सांगायला हवं. आमच्या भागात तारीख कोणी धरत नाही, आठवड्याचा बाजार धरतात. "कधी देशील?" विचारलं तर माणूस म्हणतो, "पुढच्या बाजारले." ब्लाउज बाजाराला मिळतो, उधारी बाजाराला फिटते, रुसलेला भाऊ बाजारात भेटून बोलायला लागतो. फायनान्स कंपनीनेही ते ओळखलं होतं. त्यांचा वसुलीचा माणूस बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीशेजारी पावतीपुस्तक घेऊन बसायचा. हसतमुख माणूस. म्हाताऱ्या बायकांना तो चहा पाजायचा. पाच तारखेच्या आधीचा जो बाजार असेल त्या दिवशी आम्ही बायका त्याच्या हातात हप्ता द्यायचो, तो पावती फाडायचा, की त्या महिन्याची काळजी संपली. त्याच्या हातात दिले म्हणजे कंपनीला दिले, असं मी समजत होते. माझ्यासारखं अख्खा बाजार समजत होता.

माझ्याबरोबर असोद्याची यायची. तिच्या नवऱ्याचं काम माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात, आणि आम्ही बायका एकमेकींना माहेरावरून ओळखतो. ती जळगावजवळच्या असोद्याची, मी कोकणवाली. तिने फ्रिज घेतला होता, त्याच कंपनीकडून, तीच पाच तारीख. पण ती हुशार. ती रांगेत उभ्याउभ्याच पैसे मोबाइलवरून कंपनीला पाठवायची आणि तो निरोप दाखवून शिवाय त्या माणसाकडून पावती फाडून घ्यायची. "मोबाइलवर माझा इश्वास नाही आन या मानसावर त्याहून नाही," म्हणायची. मला मोबाइलची भीती. बोट चुकलं आणि पैसे भलत्यालाच गेले तर? म्हणून मी रोख द्यायचे. आणि दर वेळी ती मला पुढे ढकलायची, "तू भर आधी. तुझा जीव थाऱ्यावर येऊ दे, मग मी भरते." रांगेत मी पुढे, ती मागे. दोन वर्षं असंच चाललं.

दिवाळीला शेवटचा हप्ता गेला. मी पेढे वाटले.

माघ महिन्यात स्टेशनरोडवरचा एक गाळा रिकामा झाला. लहानसाच, पण रस्त्याला लागून. मालक ओळखीचे, नाना म्हणतो आम्ही त्यांना. म्हणाले, "तुले देवानी मनी इच्छा शे. आखाजीपर्यंत थांबस. अनामत ली ये." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, इकडचा मोठा सण. अडीच महिने हातात होते. अनामत आणि एक इंटरलॉक मशीन, एवढ्यासाठी धुळ्याच्या बँकेत कर्जाचा अर्ज केला. मला त्या गाळ्याचं वेड लागलं होतं. बाजारातून येताना वाट वाकडी करून मी बंद शटरसमोरून जायचे. मनात मशीन कुठे, कपाट कुठे, आरसा कुठे, सगळं लावून झालं होतं.

बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं, मग एक कागद छापून माझ्यापुढे सरकवला. क्रेडिट रिपोर्ट. कोणी कुठलं कर्ज घेतलं, कुठला हप्ता कधी भरला, याची नोंद कुठेतरी साठत असते आणि सगळ्या बँका ती बघतात. आठवीनंतर माझं प्रगतिपुस्तक कोणी काढलं नव्हतं. इथे दोन वर्षं कोणीतरी ते लिहीत होतं. चोवीस महिन्यांचे चोवीस चौकोन होते, त्यातले नऊ लाल. प्रत्येक लाल चौकोनात किती दिवस उशीर ते लिहिलेलं. पंचवीस, अठ्ठावीस, तीस.

"मॅडम, हप्ते वेळेवर भरायचे असतात हो," साहेब म्हणाले. वाईट बोलले नाहीत. पण शेजारच्या खुर्चीवर दोन माणसं होती, ती माझ्याकडे वळली.

"मी भरलेत," मी म्हटलं.

"इथे तसं दिसत नाही."

"मला कोणी कळवलं कसं नाही?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. माझ्या नावापुढचा मोबाइल नंबर माझा नव्हता, नवऱ्याचाही नव्हता. दुकानात मशीन घेताना तिथल्या माणसाने, ओटीपी लवकर येतो म्हणून, दुकानाचाच नंबर टाकला होता. दोन वर्षं कंपनीच्या सूचना मशीनच्या दुकानात जात होत्या.

धुळ्याहून परत आले ते ओटीवर बसूनच राहिले. उन्हं कलली होती, आबा झाडांना पाणी घालत होते.

"काय व्हयनं वं माय? कसाले रडी राह्यनी?"

मी सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"पावत्या शेतस का तुनाजोडे?"

पावत्या? मी भित्री बाई, मी पावत्या टाकेन? चोवीसच्या चोवीस, महिन्यांच्या क्रमाने, टाचणी टोचून बिस्किटांच्या डब्यात होत्या. आबांनी त्या मांडीवर घेतल्या आणि एकेक रिपोर्टशेजारी ठेवून बघायला लागले. मधे एकदा जेवायला उठले, परत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्यापुढे दोन गड्ड्या ठेवल्या. एक सातची, एक दोनची.

"ह्या सात तुन्या नहीत," ते म्हणाले. "तू पैसा पाच तारीखना पहिले देयेल शे. त्यानी महिनाभर खिसामा फिरावात." म्हणजे माझा हप्ता त्या माणसाने त्या महिन्यात कोणाच्या तरी नावावर भरला, माझ्या नावावर पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा. याची टोपी त्याला घालत राहिला. मग दोनच्या गड्डीवर हात ठेवून म्हणाले, "ह्या दोन तुन्या शेतस."

मला राग आला. माझ्या बाजूने बसलेला माणूस असं कसं बोलतो? पण होत्या त्या माझ्या. एकदा श्रावणात कानबाई बसल्या, इकडचा देवीचा सण, नवऱ्याच्या मुकादमाकडचे पाहुणे आले, हात मोकळा सुटला आणि तो हप्ता मी पुढच्या महिन्यात दिला. दुसऱ्यांदा नवरा तापाने पडला होता. "एक-दोन बाजार इकडेतिकडे चालतं," असं तो वसुलीवाला म्हणाला होता आणि मला ते ऐकायचंच होतं.

"तुन्या त्या तुन्याच राह्यतीन," आबा म्हणाले. "बाकीनासाठे भांडू."

नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे मोबाइलवरून तक्रार करता येते, फुकट. वसाहतीच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याने ती भरून दिली, सात पावत्यांचे फोटो जोडले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारलं, त्यांनी नोंद बरोबर असल्याचं कळवलं आहे, तक्रार बंद. म्हणजे ज्याने खोटं लिहिलं त्यालाच विचारलं की हे खरं का, तो हो म्हणाला, आणि विषय संपला. तोपर्यंत मी रडत होते. त्या दिवशी रडणं थांबलं. काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण मी उठले, भाकरी केल्या, आणि नवऱ्याला म्हटलं, उद्या मी जळगावला जाणार.

"एकटी?"

"आबा येतायत."

"मग ठीक आहे. कंडक्टर बरोबर असला की तू हरवणार नाहीस."

सकाळच्या पॅसेंजरने अमळनेर, धरणगाव करत जळगावला गेलो. शाखेत एसी, पाण्याचा जार, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. साहेब तरुण होते, माझ्याहून लहान असतील. पावत्या पत्त्यांसारख्या चाळल्या त्यांनी.

"ताई, तारीख हाताने लिहिलेली आहे. ही कोणीही कधीही लिहू शकतं."

"कोणीही नाही, तुमच्या माणसाने लिहिली."

"तो माणूस आता आमच्याकडे नाही." मग ते जरा पुढे झुकले, आवाज मऊ केला. "असं करा. एक अर्ज द्या. घरगुती अडचणीमुळे माझ्याकडून हप्ते उशिरा भरले गेले, दिलगीर आहे, सहानुभूतीने विचार व्हावा. मी वर पाठवतो. नऊच्या नऊ काढून घेऊ. पंधरा दिवसांत काम. मजकूर तयार आहे, फक्त सही."

नऊच्या नऊ. पंधरा दिवसांत. आखाजीला तेव्हा महिना राहिला होता. मी हातात पेन घेतलं होतं, खोटं कशाला सांगू. माझ्या डोळ्यांपुढे त्या गाळ्याचं शटर वर गेलं.

"थांब," आबा म्हणाले. साहेबांकडे बघून त्यांनी विचारलं, "काढणारच, असं लिहून देता का?"

"बाबा, तसं लिहून देता येत नाही. प्रोसेस असते."

बाहेर आलो. आबा मला म्हणाले, "बोलनं त्यानं, सही तुनी. उद्या तो बदली व्हयी जाई, तुनी सही आठेच, कागदवर राही."

रसवंतीत बसलो. मी फुगून होते. आबांनी पावत्या परत मागितल्या आणि या वेळी तारखांवर अंगठा ठेवून वरचा कोपरा बघायला लागले. तिथे लाल शाईत छापलेला नंबर असतो. मी दोन वर्षांत तो एकदाही वाचला नव्हता.

"तारीख माणूस लिखस," ते म्हणाले. "नंबर छापखाना लिखस."

कंडक्टरचं सगळं आयुष्य नंबरावर चालतं, हे त्यांनी मला तिथे समजावलं. प्रत्येक थांबा आला की तिकिटांच्या गड्डीवरचा चालू नंबर कागदावर मांडायचा. मधेच तपासनीस चढला की तो तिकिटावरच्या पैशांकडे बघतच नाही, नंबर बघतो. पुढचं तिकीट आधी फाटलं आणि मागचं नंतर, असं होऊच शकत नाही. पुस्तक एका बाजूनेच संपतं.

"तुना मांगे रांगमा कोन ऱ्हाये?"

माझ्या मागे असोद्याची असायची. दर वेळी.

आबांचा हात गिलासावरच थांबला. तिची पावती माझ्या पावतीच्या नंतरची. पुढचाच नंबर. आणि तिचे पैसे त्याच दिवशी मोबाइलवरून कंपनीत जमा झालेले, तारीख आणि वेळ कंपनीच्याच नोंदीत. तिची पावती त्या दिवशी फाटली असेल, तर माझी त्याच्या आधी फाटलेली असलीच पाहिजे. मला ते कळायला दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा मी रसवंतीवाल्याला उगीचच म्हटलं, "भाऊ, अजून दोन द्या."

असोद्याची बाळंतपणाला माहेरी गेली होती. जळगावहून असोदा म्हणजे बसने उगीच थोडा वेळ. भर दुपारी आम्ही तिच्या दारात उभे. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, गल्लीत तेवढाच गारवा. तिची आई म्हणाली, "ये वं माय, बस. पानी घे आधी." वीस दिवसांचं बाळ छातीशी धरून असोद्याची बाहेर आली आणि मला बघून हसायलाच लागली.

"पावत्या मागायले इतक्या लांब आली? बाळ पाहायले नाही?"

"बाळ पण बघते. पावत्या आहेत का पण?"

"सासूनं टाकल्या असत्या म्हनून बाळंतपणाच्या पेटीतच घालून आनल्या. हसू नको. तुझ्यासंगं राहून राहून मीबी तशीच झाली."

बाळाच्या झबल्यांखाली पावत्या होत्या. आबांनी सातही महिन्यांच्या शोधून काढल्या. सातही वेळा माझा नंबर, लगेच पुढचा तिचा. तिच्या मोबाइलवर कंपनीचे सातही निरोप, तारखेसकट, वेळेसकट. मी बाळाच्या तळव्याला हात लावला आणि तेवढ्यात आबा मोठ्याने नंबर वाचायला लागले, तर बाळ दचकून रडलं. "कंडक्टर आला," त्याची आजी म्हणाली.

घरी येऊन आबांनी एक तक्ता केला, कंडक्टरच्या जुन्या हिशेबपत्रकासारखा. महिना, माझ्या पावतीचा नंबर, तिच्या पावतीचा नंबर, तिच्या मोबाइलवरची तारीख आणि वेळ. खाली एक ओळ मी माझ्या अक्षरात लिहिली. श्रावणातला आणि तापाच्या महिन्यातला हप्ता मी उशिरा दिला, ते मला मान्य आहे. ही ओळ लिहायला आबांनी सांगितलं नव्हतं. ती मी लिहिली, कारण बाकीचं सगळं खरं दिसायला तेवढं खरं लागतं, असं मला वाटलं.

नवऱ्याने तो तक्ता वाचला. "सगळं बरोबर आहे गं. पण सही केली असतीस तर नऊ गेले असते. यात सातच जातील, आणि गाळाही जाईल. कोणाला दाखवायचंय हे?"

 मी आईला फोन लावला. तिला क्रेडिट रिपोर्ट काय ते कळणं शक्य नव्हतं, तरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पैसे दिलंस मां? मग माफी कसली मागतंस?" आणि पुढे लगेच विचारलं की तिकडे आंबे आले का.

पुढच्या आठवड्यात परत जळगाव. तोच तरुण साहेब. त्याने तक्ता बघितला, पावत्या बघितल्या, परत तक्ता बघितला. आत गेला. आतून त्याचे वरचे साहेब आले, वयाने पोक्त. त्यांनी नंबरांवरून बोट फिरवलं, तीन महिने तपासले, चौथा नाही तपासला. त्यांना कळलं होतं. मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"हे बघा ताई," ते म्हणाले, "तक्रार लेखी घेतली तर चौकशी लागेल, ती लांबेल. तुम्हाला कर्जाची घाई आहे ना? तो अर्ज द्या, मी स्वतः बघतो. कशाला त्रास करून घेता?"

मी आबांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. "सही तुनी," एवढंच म्हणाले. "मी नही सांगाव."

मग मी बोलले. जोरात बोलले, बस भरलेली असताना बोलतात तसं, आणि तिथे खुर्च्यांवर बसलेली सगळी माणसं ऐकत होती, त्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं. मी म्हटलं, "साहेब, मी आठवी शिकलेय. पण मी माझ्या हाताने लिहून देणार नाही की मी पैसे दिले नाहीत. सात वेळा मी दिलेत. दोन वेळा उशीर केला, ते खाली लिहिलंय, त्याची शिक्षा द्या. सातची माफी मी मागणार नाही. माफी मागायची तर तुम्ही मागा. नका मागू, पण ही तक्रार घ्या आणि मला शिक्का मारून पोच द्या."

"पोच मिळेल. पोस्टाने पाठवू."

"मी बसते."

मी बसले. साडेअकरा वाजले होते. एक वाजता त्यांची जेवणाची सुट्टी झाली, मी उठले नाही.  एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर कोणाला वाटेल मी फार शूर. तहान लागली तरी त्यांच्या जारमधलं पाणी प्यायला उठायची भीती वाटत होती, की उठले तर खुर्ची जाईल. आबा शेजारी, पाठ न टेकता. दोन वाजता तरुण साहेब डबा खाऊन आले, आम्हाला तसंच बघितलं, आणि ड्रॉवरमधून शिक्का काढला. ते शिक्क्याखाली तारीख लिहायला लागले तसं मी म्हटलं, "साहेब, आवक नंबर पण टाका." आबा खोकल्यासारखं हसले.

कायद्याने त्यांना तीस दिवस असतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर वर बँकांच्या लोकपालाकडे जाता येतं, तो अर्जही आम्ही तयार करून ठेवला होता.

तीस दिवसांच्या मधे आखाजी आली. अंगणात झोके बांधले, माहेरवाशिणी आल्या, आमरसाचा वास प्रत्येक खोलीतून. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आले. दारातच उभे राहिले. "माय, मी थांबनू," म्हणाले. थांबले होते ते, खरंच. गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतला. मी त्यांना पन्हं दिलं.  नवरा "मी सांगितलं होतं" म्हणाला असता तर मी भांडले असते. त्याने माझी जुनी मशीन उघडली आणि तेल घालत बसला, तासभर.

मला पश्चात्ताप झाला का? झाला. दोन दिवस झाला. तिसऱ्या दिवशी बाजार होता. चहाच्या टपरीशेजारी नवा वसुलीवाला बसला होता आणि त्याच्यासमोर एक म्हातारी मावशी पावती उलटसुलट करून विचारत होती, "नंबर कोठे शे यानावर?" आमची गोष्ट बाजारात माझ्या आधी पोचली होती. त्या दिवशी आबांच्या ओटीवर पाच बायका आपापल्या पावत्या घेऊन बसल्या. मी सगळ्यांना चहा केला. मी सही केली असती तर माझे नऊ कदाचित गेले असते, आणि या पाचजणींपुढे त्याच मजकुराचा कागद सरकवला गेला असता, फक्त सही करा म्हणून.

मुदत संपायला दोन दिवस असताना माझ्या नंबरावर निरोप आला. या वेळी माझ्या स्वतःच्या, तक्रारीत मी तोच दिला होता. झेरॉक्सवाल्याकडे रिपोर्ट छापून घेतला. सात चौकोन पांढरे. दोन लाल. मी दुकानातच मोजले, रस्त्यात मोजले, घरी येऊन आबांना मोजायला लावले.

धुळ्याच्या बँकेतले साहेब तेच. "सुधारलाय," म्हणाले. "दोन आहेत अजून."

"ते माझे आहेत," मी म्हटलं. "विचारा, दोन्हीचं कारण सांगते."

त्यांनी विचारलं नाही. मागितलं होतं त्याच्या निम्मं कर्ज दिलं. गाळा त्यात आला नसताच. स्टेशनरोडच्या मागच्या बाजूला बंद पडलेल्या गिरणीचा व्हरांडा आहे, तो भाड्याने घेतला. पुढे पत्रा ठोकला, इंटरलॉक मशीन आली. रस्ता आतला, तरी बायका शोधत येतात. हप्ता आता मी मोबाइलवरून भरते, तीन तारखेलाच, आणि बोट दाबताना अजूनही डोळे मिटते.

आबांना काय देऊ, हे मी पुष्कळदा विचारलं. गाडीभाडंसुद्धा घेतलं नाही त्यांनी. शर्ट शिवते म्हटलं तर "माले दोन शर्ट शेतस." शेवटी परवा मी म्हटलं, माझ्या गावी चला, समुद्र बघायला. तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या या माणसाने समुद्र पाहिलेला नाही. "चाल," म्हणाले, "माले कोठे तिकीट लागस, मना पास शे." म्हणजे तेही मी द्यायचं नाही.

पण आबा, आमच्या गावाला शेवटी खाडी आहे. बस अलीकडच्या काठाला थांबते. पुढे होडी लागते, आणि त्या होडीवर कोणाचाच पास चालत नाही, हे मी तुम्हाला इथे लिहून देते आणि खाली सही करते. ते तिकीट माझं. कर्जाचे हप्ते फिटू देत, व्हरांड्याला एक दार बसू दे, एक दिवस मी तुम्हाला त्या होडीत बसवणार, आणि परतीचे पैसेही मीच देणार.